डब्यातला डास

पुण्यातल्या होम थिएटरच्या प्रदर्शनात माझ्या लेकीने, मृण्मयीने, स्वतः बनवलेले स्पीकर मांडले होते. परीक्षक निमकर साहेब पसंत करतील तेच मोठ्या दालनात जाणार होते. शेजारच्या तिघांना त्यांनी आधीच नापास केलं होतं.

साहेबांनी दोन गाणी ऐकली आणि तोंड वाकडं केलं. "खोटा आवाज. नुसता डबा वाजतोय, बाई."

मी वायरी गुंडाळायला घेतल्या. मृण्मयी मात्र म्हणाली, "साहेब, डोळे मिटून आणखी एकच ऐका, मग जा."

उपकार केल्यासारखे साहेबांनी डोळे मिटले. माझ्या म्हाताऱ्या कानांना काहीच ऐकू येईना. स्पीकर बिघडला की काय, म्हणून मी वायरी तपासायला वाकलो. तेवढ्यात साहेबांनी फाडकन स्वतःच्याच कानशिलात मारली.

"काय हे! डास केवढे इथे!"

"डास डब्यात आहे, साहेब," मृण्मयी म्हणाली. "आवाज खोटा होता, तर मारलंत कोणाला?"

सगळी खोली हसली. कान चोळत साहेबही हसले. "न्या मोठ्या दालनात," म्हणाले.

तो डास आमच्याच घरचा. तिने त्याचा आवाज टिपला, तेव्हा मच्छरदाणीत बाही वर करून मीच बसलो होतो.