पहिली होती तशी जागा

मारुतीचं तेरावंही झालं नव्हतं, तोच नगरसेवक रणदिवे कासारगल्लीच्या बागेत येऊन उभे राहिले. ही बाग मारुतीनं उभी केली होती. खत कसं कुजवायचं, वाफे कसे पाडायचे, हे तो शेतकी शाळेत शिकून आला आणि गल्लीतल्या बायकांना त्यानं ते शिकवलं. रणदिव्यांना मात्र आपल्या नव्या बंगल्यासमोर गाडी लावायला जागा हवी होती.

"करणारा गेला, बाग संपली," ते म्हणाले. "जागा नगरपालिकेची आहे. पहिली होती तशी करून द्या, आजच्या आज!"

मारुतीचा धाकटा भाऊ बाळकू हातातलं खुरपं टाकून उठला.

"करतो की! शेवंताकाकू, गल्लीत सांगा. आजपासून घरचा कचरा दादाच्या खतखड्ड्यात टाकायचा नाही. पूर्वीसारखा इथं, साहेबांच्या दारासमोर उकिरडा करा!"

"माझी मासळीची घाण तयारच आहे," गल्लीत मासळी विकणाऱ्या काकू बादली घेऊन पुढं आल्या. "ओतू का रे?"

रणदिव्यांनी नाकाला रुमाल लावला. "अहो, थांबा! मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं? माझ्या दादाच्या आधी इथं दुसरं काय होतं, ते तुम्हीच सांगा."

रणदिवे गाडीत बसून निघून गेले आणि बाळकू तिथंच वाफ्याच्या कडेला बसून ढसाढसा रडला.