कांडलेलं बी

"अहो बाबा, हे काय विचारणं झालं? साल दाण्याला खपलीसारखी धरून बसते, म्हणून खपली गहू!"

मठाच्या सिदय्याबाबांना त्यांच्या चेल्यानं, रेवणनं, उत्तर फटकन दिलं खरं, पण नजर वाफ्यांवरून हटेना. बांधावर सगळं गाव उभं होतं. मठाच्या दारापुढचे वाफे पेरून चौदा दिवस झाले, पाणी दोनदा पाजलं, आणि कोंब म्हणाल तर एक नाही.

दोन वर्षं दुष्काळ. तरी लोकांनी पोटाला चिमटा काढून खपलीच्या बियाण्याची एक कणगी राखली आणि विश्वासानं मठात ठेवली. पेरणीच्या आदल्या दिवशी ते सालीसकट बी रेवणला बघवेना. बारा वर्षं मठात पोथ्या आणि नावांचे अर्थ शिकलेला गडी तो! असला कचरा मातीत टाकायचा? अख्खी कणगी त्यानं उखळात कांडली, पाखडली. दाणे कसे लख्ख निघाले!

"स्वामी, आम्ही सालीसकटच पेरतो," गंगव्वा म्हातारी म्हणाली होती. तो हसला होता.

सिदय्याबाबांनी वाफ्यात बोट घालून एक दाणा वर काढला, चिमटीत दाबला. काळा लगदा. उखळात कोंबाची जागाच ठेचली होती, सालीविना दाणा कुजला होता. कुबट वास सुटला.

"हे खपली नाव ठेवलं कुणी?" बाबांनी विचारलं.

"जुन्या लोकांनी."

"कांडताना, की पेरताना?"



एवढी नावं तोंडपाठ केलेला रेवण खाली बसून दुसरा दाणा उकरू लागला.

"नातवंडांना आता काय घालू रे?" गंगव्वानं विचारलं. ती रागावली नव्हती. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्यानं बाबांचे पाय धरले. "मारा मला, हाकलून द्या! या माणसांकडे बघवत नाही हो..."

बाबा उठले. दर सुगीला पहिल्या ओंब्यांची जुडी मठाच्या चौकटीला बांधायचा रिवाज होता. ती जुडी त्यांनी सोडली आणि रेवणच्या हातावर ठेवली.

"पेर. आहे तशी."

"मूठभरही नाही हे. यानं गाव जगेल?"

"यंदा नाही."

बांधावरून कुणीतरी हुंदका दिला. मग एकेक जण खाली मान घालून निघून गेला.

"बाबा... माझ्यासारखा करंटा कुणी झाला असेल का?"

बाबांनी वाफ्यातल्या उकरलेल्या जागी माती सारखी केली.

"हे नाव ज्यानं ठेवलं ना रेवणा, त्यानंही एकदा बी कांडलं असणार."