राणीच्या लेकराचा गुन्हा

“मग त्या लेकराचा गुन्हा काय, बुवा?”

नारोबुवा समईच्या वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विश्वंभर पुढं सरकला. त्याच्या मांडीवर त्या दिवशी वाचायची पोथी उघडी होती. तिच्यात राणीचं तान्हं लेकरू तापानं जातं. दातसुद्धा आलेले नसतात त्याला. आणि ज्या प्रधानानं राज्य लुबाडलं, माणसं विहिरीत ढकलली, तो नातवंडांना जवळ घेऊन, चांगला म्हातारा होऊन झोपेत मरतो.

“पोथीत काय लिहिलंय?” बुवांनी विचारलं.

“ताप आला आणि गेलं. एवढंच.”

“मग एवढंच.”

“एवढ्या मोठ्या ग्रंथात असा अन्याय कसा असेल, बुवा? पाप्याला सुखाचं मरण आणि तान्ह्याला... काहीतरी कारण असलंच पाहिजे. कवी सांगायचं विसरला असेल.”

बुवांनी वात तेलात बुडवली.

“कवी विसरला आणि तुला आठवलं,” ते म्हणाले, आणि दुसरी वात घेतली.

अधिक ज्येष्ठ महिना चालू होता. गोदावरीकाठच्या त्या महादेवाच्या देवळात महिनाभर पोथी लागली होती. तिथली रीत अशी, की एकानं ओवी वाचायची आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. विश्वंभर वाचायचा, बुवा सांगायचे. पण विश्वंभर नाशिकला शिकून आलेला. आवाज गोड, पाठांतर पक्कं. अर्थ सांगायच्या पाटावर आपण कधी बसणार, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

त्या दिवशी बुवा आपणहून म्हणाले, आज वाच पण तूच आणि अर्थ पण तूच सांग.

उन्हं कलली तशा बाया यायला लागल्या. गयाबाई म्हातारी नेहमीच्या खांबाला टेकली आणि म्हणाली, पोरा, अर्थ जरा आटोपशीर सांग, धारेची वेळ झाली की माझी म्हैस काही तुझ्या अर्थासाठी थांबायची नाही. सगळ्या हसल्या. विश्वंभरही हसला, पण त्याचं लक्ष पोथीत होतं.

सुगंधा सगळ्यांच्या शेवटी आली. मळ्यातून उन्हाची चालत आली होती. कडेवर तान्ही मुलगी, तिच्या डोक्यावर पदर ओढलेला. ही तिची दुसरी. पहिली मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. तेव्हापासून सुगंधाचा हात सारखा हिच्या कपाळावर जायचा. आताही बसता बसता तिनं तळहात लावून पाहिला. मग उलटा हात लावून पाहिला.

तिनं घोटभर पाणी मागितलं. माठ विश्वंभराच्या पाठीमागं, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी होता. पण तो पाटावर बसला होता, आणि पाटावर बसलं की अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही, हीसुद्धा तिथली रीत. त्यानं हातानंच थांबायची खूण केली. पोथी झाल्यावर तीर्थ मिळणारच होतं.

सुगंधानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि तान्हीला मांडीवर घेतलं.

विश्वंभरानं फार सुंदर वाचलं. राणी लेकराच्या पायाशी रात्रभर बसते, त्याचे तळवे चोळते, आणि उजाडताना ते तळवे गार लागतात... तिथं गयाबाईनंसुद्धा डोळ्याला पदर लावला.

मग त्यानं अर्थ सांगितला. म्हणाला, मरण कधी उगाच येत नाही, मरणामागं न्याय असतो. मागच्या जन्मी या राणीच्या दारात एक तहानलेला वाटसरू आला होता. राणीनं त्याला पाणी दिलं नाही. तेच पाप फिरून आलं आणि पोटच्या गोळ्यावर पडलं.

बायांनी माना डोलावल्या. कुणीतरी हात जोडले.

सुगंधानं तान्हीला छातीशी धरलं.

“महाराज,” ती म्हणाली, “मग मी कुणाला पाणी दिलं नसंल?”

“मला ह्या जन्मीचं तर काही आठवत नाही. मागच्या जन्मीचं कसं आठवावं? पण ते फिटलं का अजून राहिलंय, तेवढं पोथीत बघून सांगा. हिला... हिला तरी ठेवतील का?”

ती रडत नव्हती. भाव विचारावा तसं विचारत होती.

विश्वंभरानं पोथीकडं पाहिलं. मग बुवांकडं. बुवा डोळे मिटून बसले होते.

त्यानं पानं सारखी केली, लाकडी फळी वर ठेवली आणि पोथी तांबड्या रुमालात बांधायला घेतली.

“मरणावर पोथी बांधतात का रे?” बुवांनी डोळे न उघडता विचारलं.

ही तर गयाबाईलासुद्धा माहीत असलेली रीत. कुणाच्या मरणावर वाचन थांबवायचं नाही. पुढं काही बरं येईपर्यंत वाचायचं आणि मगच गाठ मारायची.

“अध्याय संपत आलाय, बुवा. एकच ओवी राहिलीय.”

“ती वाच.”

विश्वंभरानं रुमाल सोडला. शेवटचं पान काढलं. आता त्याचा आवाज तेवढा गोड लागत नव्हता.

“दासीं आणिलें शीतळ उदक । म्हणे माये घेईं घोट एक...”

“अर्थ सांग.”

विश्वंभरानं ओवी पुन्हा मनात वाचली.

“याला काही अर्थ नाही, बुवा. दासीनं राणीला नुसतं पाणी दिलंय.”

बुवांनी डोळे उघडले. शेजारचा रिकामा तांब्या उचलला आणि विश्वंभराच्या पाटासमोर ठेवला.

विश्वंभर तांब्याकडं बघत बसला. बाया त्याच्याकडं बघत बसल्या.

मग तो उठला. पाटावरून, अध्याय पुरा व्हायच्या आधीच. माठातून तांब्या भरला आणि बायांमधून वाट काढत सुगंधापर्यंत गेला. तिच्यासमोर उकिडवा बसला.

“ताई, ते वाटसरूचं पोथीत नाही,” तो म्हणाला. “ते माझ्या मनचं होतं. पोथीत नुसता ताप आलाय.”

सुगंधा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

“खरंच नाही?”

“नाही.”

“राणीनं काही केलं नव्हतं?”

“तळवे चोळले होते.”

तिनं तांब्या घेतला. वरून धार धरून घटाघटा प्याली. अर्ध्यावर थांबली, श्वास घेतला, पुन्हा प्याली. उरलेल्या पाण्यात बोटं बुडवून तान्हीच्या ओठांवरून फिरवली. तान्हीनं ओठ चोखले. मग सुगंधा रडायला लागली. गयाबाई म्हशीचं विसरून तिच्याजवळ सरकली आणि तान्हीला मांडीवर घेतलं.

विश्वंभर तांब्या घेऊन परत आला. पाटावर बसावं की नाही, हे त्याला कळेना. तो बुवांच्या शेजारी खालीच बसला.

“बुवा,” तो हळूच म्हणाला, “पण मग ते लेकरू का गेलं?”

बुवांनी त्याच्या हातातल्या तांब्याकडं पाहिलं.

“प्याली ती?”

“प्याली.”

“मग आता बांध पोथी.”