खाजकुइलीची टरफलं

सिंहाला आयाळ नुकतीच फुटली होती, तेव्हाची ही गोष्ट. जंगलात सगळ्यांना खाजकुइलीच्या बिया आवडत, पण अंगाला खाज आणणारी टरफलं कुणालाच दारात नको असत. सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, “टरफलं साळिंदरांच्या टेकडीवर टाका!”

टरफलांचा ढीग पडताच म्हातारी साळिंदरबाई दरबारात आली. “आम्हाला विचारलंत का, महाराज?”

“जंगल माझं, म्हणजे टेकडीही माझीच!”

“मग रिवाज पाळा. जी जमीन आपली म्हणायची, तिच्यावर राजानं आधी लोळायचं.”

महाराज ऐटीत टेकडी चढले. ढीग दिसताच त्यांची पाठ नुसत्या विचारानंच खाजू लागली.

“टेकडी तुमचीच हो, बाई,” ते घाईनं म्हणाले. “ज्यानं बिया खाल्ल्या, त्यानं टरफलं आपल्या दारात ठेवावीत.”

दुसऱ्या दिवशी बिया खायला कुणीच आलं नाही. महाराजसुद्धा नाहीत.