हाडवैद्याची तसबीर

एका गावात एक भोळा दीर होता. सुदाम त्याचं नाव. मूर्ख म्हटलं तर वहिनीला वाईट वाटायचं, म्हणून गाव त्याला भोळा म्हणायचं.

त्याचा थोरला भाऊ रखमाजी हाडवैद्य होता. अर्ध्या तालुक्याचे हातपाय त्यानं बसवले. तो वारला. गावानं ठरवलं, तालमीत त्याची तसबीर लावायची. पण रखमाजीनं जन्मात फोटो काढला नव्हता. घरात एक रंगवलेलं चित्र होतं, तेवढंच.

"हे मी देणार नाही," वहिनी म्हणाली. "याची नक्कल काढून घ्या."

पेंटरकडे जायला रिकामा माणूस एकच होता. सुदाम.

"भावोजी, आहे तसंच काढायला सांगा. रेघेचा फरक नको."

आठवड्यानं सुदाम दोन्ही चित्रं घेऊन आला. नकलेत रखमाजीच्या नाकावर माशी होती.

"ही कुठून आली?"

"मूळ चित्रावर बसली होती. पेंटर हाकलत होता. मी म्हटलं, खबरदार!"

"अहो, जे शोभत नाही ते पुसायला सांगायचं!"

सुदामनं ते पाठ केलं. पेंटरनं माशी पुसली. सुदाम म्हणाला, "मिशाही पुसा. वहिनी दादाला म्हणायच्या, या तुम्हाला शोभत नाहीत."

पेंटरनं मिशाही पुसल्या. तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याला कुठे रखमाजी माहीत?

नक्कल बघून वहिनी ओरडली, "काही करायच्या आधी चार माणसांना विचारत जा हो!"

सुदाम थेट बाजारात गेला. चार माणसं मोजून घेतली. पहिला म्हणाला, वैद्य आहे तर चष्मा हवा. दुसरा म्हणाला, फेटा हवा. तिसरा म्हणाला, छाती रुंद करा. चौथा गुरांचा व्यापारी होता. तो म्हणाला, बाजूला म्हैस असली की चित्र भरल्यासारखं वाटतं.

म्हैस मात्र पेंटरनं झकास काढली.

आता कार्यक्रम उद्यावर आला होता. वहिनीनं डोळे पुसले आणि मूळ चित्र पुन्हा सुदामच्या हातात दिलं.

"भावोजी, शेवटचं सांगते. दोन्ही शेजारी ठेवली तर मूळ कुठलं नि नक्कल कुठली, ब्रह्मदेवालासुद्धा कळता कामा नये. तसं करून आणा."

"एवढंच ना?" सुदाम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तालमीत गाव जमलं. सरपंच हार घेऊन उभे राहिले. ऐन वेळी सुदाम धापा टाकत आला. दोन्ही चित्रं त्यानं भिंतीला टेकवली आणि फडकी ओढली.

दोन बिनमिशांचे रखमाजी. दोन चष्मे, दोन फेटे, दोन म्हशी.

वहिनी चित्रांकडे धावली. "मूळ... मूळ चित्राला काय केलंत?"

"पेंटर म्हणाला, नक्कल नव्यानं काढायला आठ दिवस लागतील. मग मीच डोकं लढवलं. मूळ चित्र नकलेसारखं करून घेतलं. दोन तासांत काम झालं!"

गाव एकदा या चित्राकडे, एकदा त्या चित्राकडे बघू लागलं. सुदामला वाटलं, सगळे कोड्यात पडलेत. तो खुशीत वहिनीकडे वळला.

"ओळखा बघू वहिनी, आपलं घरचं कुठलं?"