साळुंकीची साक्ष

एका राज्यात न्यायाला साळुंकी होती. दरबाराच्या दारावर, सोन्याच्या दांडीवर बसे. जे पाही ते सांगे. न पाहिलेलं सांगत नसे, आणि खोटं बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. वर मोठा घुमट. खाली जे बोलावं ते घुमट पुन्हा बोलून दाखवी. रीत अशी, की साळुंकीनं तीन गोष्टी सांगाव्या आणि राजानं शिक्षा फर्मावावी. चौथी गोष्ट कोणी विचारायची नाही. बापजाद्यांपासून कोणी विचारली नव्हती.

त्या राज्यातला अग्निमणी एका पहाटे चोरीला गेला. मणी गेला तशी आगीतली ऊब गेली. चुली पेटत, जाळ आढ्यापर्यंत जाई, पण तव्यावरची भाकरी पांढरी ती पांढरीच. लेकरं कच्चं पीठ पाण्यात कालवून पिऊ लागली. राजा धवलसेन घाबरा झाला. त्यानं साळुंकीला विचारलं, "काय पाहिलंस?"

"लिंबाजी रखवालदार तोषखान्यातून बाहेर आला. त्याचे हात ओले होते. तो धावत होता."

"झालं तर!" राजा म्हणाला. "हाच चोर. अमावास्येला कडेलोट."

"महाराज, मी मणी नेला नाही!" लिंबाजी ओरडला. घुमटही "नेला नाही, नेला नाही" म्हणाला. पण ऐकतो कोण? शिपायांनी फरफटत नेला.

लिंबाजीला थोरली बहीण होती, आवडा. आईमागं तिनंच त्याला वाढवला. बातमी कळली तशी ती पदर खोचून थेट दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, साळुंकी खरं बोलली. तुम्ही खोटं ऐकलंत."

एक सरदार हसला. "अगं बाई, हात ओले, पाय पळते. आणखी काय हवं? चोरानं घरी येऊन अक्षत द्यावी?"

"हात चोराचे ओले असतात, तसे जेवून उठलेल्याचेही असतात. तुमचे आत्ता ओले आहेत, सरदार. तुम्ही काय नेलंत?"

सरदारानं हात पाठीमागं लपवले.

राजा संतापला. "रीतीच्या आड येणाऱ्यानं तीन साक्षी आणाव्या. दगडाची, पाण्याची, पाखराची. अमावास्येच्या आत."

राजाशेजारी राजमांत्रिक कालकंठ बसला होता. मणी परत मिळावा म्हणून चोरीच्या दिवसापासून त्यानं मौन धरलं होतं, आणि लोक त्याच्या पाया पडत होते. तो नुसता गालात हसला.

आवडा आधी काळकड्याकडे गेली. मणी त्याच कड्याच्या पोटातून निघालेला, आणि गुन्हेगारांना ढकलत तेही त्याच कड्यावरून. तिनं विचारलं, "दगडा, तुझ्या मण्याचा शाप काय?"

दगड सावकाश बोलला. "मणी चोरेल त्याच्या आवाजाला पडसाद नाही. कडा देणार नाही, भिंत देणार नाही, घुमट देणार नाही. बाई, किती माणसं माझ्यावरून खाली गेली. विचारायला मात्र तूच पहिली आलीस."

तिथून ती तोषखान्यामागच्या विहिरीवर आली. पाणी म्हणालं, "तुझा भाऊ रोज पहाटे माझा घडा भरतो आणि मण्यावर शिंपडतो. त्या दिवशीही भरला. पण भरला तसाच परत आणून माझ्यात ओतला. घाईत कोपरापर्यंत भिजला, आणि तोषखान्यातूनच पुढे धावत निघाला."

आवडा काठावर बसली आणि विचार करू लागली. पाणी जसंच्या तसं परत आलं, म्हणजे शिंपायला मणी नव्हता. म्हणजे तो आत गेला, त्याआधीच मणी गेलेला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. विहीर तोषखान्यापासून हाकेवर. पण दरबारातलं एक माणूस इथवर चालत आलं नव्हतं.

मग ती साळुंकीपुढे उभी राहिली. "साळुंके, माझा भाऊ धावत होता तो कुणीकडे?"

"कोतवालाच्या चावडीकडे."

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तीन झाल्या होत्या. चौथं कोणी विचारलं नाही."

अमावास्या उजाडली. लिंबाजीला बेड्या घालून आणलं. आवडानं तिन्ही साक्षी सांगितल्या. साळुंकीनं मान डोलावली, विहिरीचं पाणी दरबाराच्या पायरीपर्यंत येऊन गेलं, दूर कडा हुंकारला.

"महाराज, चोरी करून कोणी कोतवालाकडे धावतो का? पण तेही राहू द्या. लिंबाजी, बोल रे काहीतरी."

"काय बोलू, आक्का?"

"काय बोलू, आक्का," घुमट म्हणाला.

"चोराला पडसाद नाही. याला आहे. तेव्हा हा चोर नाही. एवढं कळायला मला रानोमाळ हिंडावं लागलं! हा पहिल्याच दिवशी इथं ओरडला होता आणि तुम्हा सगळ्यांना कान होते."

राजा ताडकन उठला. "कळलं! इथं सगळे बोलतात, गप्प एकटा कालकंठ. हाच चोर! न्या त्याला कड्यावर!"

"पुन्हा तेच?" आवडाचा आवाज असा चढला की भालदार दोन पावलं मागं सरले. "ओले हात म्हणजे चोरी नव्हे, तशी मुकी जीभ म्हणजेही चोरी नव्हे! मौन कोणीही धरतं. आधी पारखा, मग बोला. मांत्रिकबुवा, एक शब्द उच्चारा. घुमटानं परत दिला, तर मी तुमचे पाय धुईन."

सगळे कालकंठाकडे बघू लागले. त्यानं नकाराची मान हलवली. सगळे बघतच राहिले. त्याच्या कपाळाला घाम फुटला, डोळे लाल झाले, आणि आवडाची पाल करायला त्यानं मंत्र उच्चारला. मंत्र तोंडातून निघाला आणि ओल्या बोळ्यासारखा पायाशी पडला. घुमट गप्प. ज्याला पडसाद नाही, त्या मंत्राला बळ कुठलं? उलट मणी झाकायला आधी केलेली त्याची माया फिटली, आणि जटेत दडवलेला मणी साऱ्यांना लखलखीत दिसला.

मणी जागेवर ठेवला. आगीत ऊब आली, घरोघर भाकऱ्या फुगल्या. कालकंठाला कोठडीत नेलं. त्याचाही न्याय रीतसर, सगळं विचारून व्हायचा होता. लिंबाजीच्या बेड्या निघाल्या.

"चल आक्का, घरी. भूक लागलीय."

आवडा हलली नाही. "महाराज, याच्याआधी तीन गोष्टींवर किती गेले?"

कोतवाल हळूच म्हणाला, "काही कोठडीत आहेत, बाई. बाकीचे... कड्याखाली."

"कोठडीतले आज बाहेर काढा. एकेकाचं पहिल्यापासून ऐका. आणि जे खाली गेले, त्यांच्या घरी कोण जाणार?"

राजानं मुकुट सिंहासनावर ठेवला, जोडे काढले आणि अनवाणी निघाला. पुढे त्या राज्यात नीट विचारल्याशिवाय कोणाला शिक्षा झाली नाही. पण त्या दिवशी राजा दारोदार हात जोडून उभा राहिला. काहींनी दार उघडलं. काहींनी उघडलं नाही, आणि राजा उन्हात तसाच उभा राहिला.