नाखवीणबाईंचा झोका

आमच्या बोटीचे मालक धर्माजी नाखवा यांना काही सांगायची सोय नव्हती. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून ते मेकॅनिक उस्मानभाईंना म्हणाले, "इंजिनात डिझेल अजून आधी सुटू दे. लवकर पेटेल, बोट जोरात पळेल!"

"नाखवा, पिस्टन वर पोचायच्या फार आधी डिझेल पेटून दणका बसला, तर भर समुद्रात इंजिन फुटेल."

"बोट माझी आहे!"

पण समुद्रात तर आम्ही खलाशीच जाणार होतो.

तेवढ्यात नाखवीणबाई पदराला हात पुसत आल्या. "अहो, रागावू नका. मी झोका देते."

नाखवा खूश झाले. झोपाळा मागे येत होता, तोच बाईंनी अर्ध्या वाटेत दोन्ही हातांनी जोरात ढकललं. नाखवांची कंबर लचकली, दातांवर दात आपटले.

"अगं, आधी पुरता मागे तर येऊ दे!"

"पिस्टन तरी दुसरं काय म्हणतोय?" बाई म्हणाल्या.

नाखवा कंबर चोळत पुटपुटले, "उस्मान, तुझ्या मनासारखं लाव."

आम्ही सगळे सुखरूप परतलो. अजूनही बंदरावर उतरलो की पहिलं पापलेट बाईंना देतो आणि झोपाळ्याला हात जोडतो. त्यावर बसलेल्या नाखवांना वाटतं, नमस्कार त्यांनाच आहे.